पन्नाशीतला रक्तदाब आणि सत्तरीतली बुद्धी

सांजवात

रक्तदाब वाढल्याचं निदान झालं की घरात दोन भीती लगेच बोलून दाखवल्या जातात, हार्ट अटॅक आणि पक्षाघात. तिसरीचं नाव सहसा निघत नाही. ती वीस-पंचवीस वर्षांनी समोर येते, आणि तोवर तिचा त्या जुन्या आकड्याशी काही संबंध असेल हे कुणाच्या ध्यानातही उरत नाही. उतारवयात विचारांचा वेग मंदावणं, हिशेबात अडखळायला होणं, रोजच्या कामांचा क्रम चुकणं आणि पुढे डिमेन्शिया (बुद्धी इतकी ढासळणं की रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः जमत नाहीत), यात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या तब्येतीचा मोठा वाटा असतो. मी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर या एका विषयावरचं वाचन नेटानं चालू ठेवलं आहे. माझं ठाम मत असं झालंय की मध्यमवयातला रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांकडे आपण फक्त हृदयाचा प्रश्न म्हणून बघतो, आणि त्यात मेंदूचं नुकसान होऊ देतो. म्हणून हा धागा.

आधी शरीरात काय घडतं ते. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के आणि ऑक्सिजनचा सुमारे २० टक्के वाटा तो एकटा घेतो, तोही आपण नुसते बसलेले असताना. यकृताकडे किंवा स्नायूंकडे असतो तसा ऊर्जेचा साठा त्याच्याकडे नाही. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते.

तरुणपणी महाधमनी लवचिक असते. प्रत्येक ठोक्याबरोबर ती थोडी फुगते, धक्का शोषून घेते आणि पुढे रक्त बऱ्यापैकी संथ वाहतं. वय, वाढलेला दाब, मधुमेह, धूम्रपान यांनी ती कडक होत जाते. मग ठोक्याचा धक्का न विरता मेंदूच्या आतल्या बारीक धमन्यांपर्यंत पोचतो. खोल भागाला रक्त देणाऱ्या या धमन्या फार नाजूक. त्यांतल्या बऱ्याचशा मोठ्या वाहिन्यांतून थेट फुटतात आणि एकेकट्या आत शिरतात. एक बंद पडली तर शेजारची मदतीला येऊ शकत नाही. सततच्या दाबाने त्यांच्या भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते, काही कायमच्या बुजतात. दर वेळी हातपाय लुळे पडतीलच असं नाही, बहुतेकदा काहीच कळत नाही. पण मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी जोडणारं जे श्वेतद्रव्य आहे, त्यात बारीक बारीक जखमा साठत जातात. साठी ओलांडलेल्या अनेकांच्या एमआरआय अहवालात या बदलांचा उल्लेख असतो आणि 'वयोमानानुसार' म्हणून तो बाजूला ठेवला जातो. थोडेफार डाग वयाने येतातच. पण वाढलेल्या रक्तदाबाने ते किती भराभर वाढतात हे एकदा समजलं की तो उल्लेख सहज बाजूला ठेवता येत नाही.

या संबंधाचा माग ज्या अभ्यासांतून लागला त्यांत अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातला अभ्यास महत्त्वाचा. तो १९४८ मध्ये ५,२०९ लोकांना घेऊन सुरू झाला. उद्देश होता हृदयविकार का होतो हे शोधण्याचा. पुढे त्याच लोकांची, मग त्यांच्या मुलांची स्मरणशक्ती आणि विचारक्षमताही तपासली जाऊ लागली. २०१६ मध्ये या अभ्यासातून एक आशादायक गोष्ट छापून आली: १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या तीन दशकांत डिमेन्शियाच्या नव्या रुग्णांचं प्रमाण दर दशकाला सुमारे २० टक्क्यांनी उतरत गेलं. ही घट शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांमध्येच दिसली. त्याच काळात त्या लोकांची हृदयाची तब्येतही सुधारली होती. सगळी घट त्यामुळेच झाली असं संशोधकांनी म्हटलेलं नाही, पण पक्षाघात किंवा हृदयविकारानंतर डिमेन्शिया होण्याचा धोकाही या काळात कमी झाला.

दुसरा अभ्यास लंडनमधल्या सरकारी नोकरांचा, व्हाइटहॉल-२. वयाच्या ५० व्या वर्षी ज्यांचा वरचा दाब (दोन आकड्यांतला पहिला) १३० किंवा त्याहून जास्त होता त्यांना पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका अधिक निघाला. ६० आणि ७० व्या वर्षी मोजलेल्या दाबाशी मात्र असा संबंध दिसला नाही. २०१८ मधला हा निष्कर्ष वाचल्यावर मी खूप वेळ विचार करत होते. आपण रक्तदाब गांभीर्याने घ्यायला लागतो तोच मुळी साठीनंतर.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता किंवा लांबवता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत, आणि ती सगळी दूर करता आली तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळतील किंवा पुढे ढकलली जातील असा अंदाज आहे. रक्तदाब, एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान, बैठी जीवनशैली. यादीतली ही सहा नावं कुठल्याही हृदयरोगतज्ज्ञाच्या भिंतीवर लावलेली सापडतील.

तुमचे अनुभव, शंका, हरकती, सगळ्यांचं स्वागत आहे.

कोरा_कागद

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

माझं वय ४७. गेल्या तपासणीत १४२/९० आला. डॉक्टरांनी गोळी सुचवली आहे, मी अजून सुरू केलेली नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, जिने चढतो. एकदा गोळी सुरू केली की ती आयुष्यभराची, ही गोष्ट मनाला पटत नाही. व्यायाम वाढवून, मीठ कमी करून बघावं असं वाटतं. मेंदूच्या बाजूने बघितलं तर सहा महिने-वर्ष थांबल्याने खरंच काही बिघडतं का?

वैद्यमित्र

कोरा_कागद, मी फिजिशियन आहे. इथे औषधाचा निर्णय देणार नाही, तो तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा. पण विचार कसा करायचा ते सांगतो.

त्रास होत नाही यावरून काहीच ठरवू नका. १४२ ला जाणवण्यासारखं काही नसतं, अनेकांना १७० लाही नसतं. डोकेदुखीवरून रक्तदाब ओळखू असं समजणारे लोक सगळ्यात उशिरा सापडतात.

एका आकड्यावर निदानही करू नये. दवाखान्यात पुष्कळांचा दाब वाढतो. घरी नीट मोजून सरासरी १३५/८५ किंवा त्यावर आली तर तो वाढलेला धरतात. काही देशांतली मार्गदर्शक तत्त्वं याहून खालची रेघ धरतात. शिवाय उलटंही घडतं, दवाखान्यात ठीक आणि घरी जास्त.

तुमच्या वयाला, इतर धोके नसतील, तर व्यायाम, वजन आणि मीठ यांना काही महिने प्रामाणिकपणे देणं हा मान्य मार्ग आहे. अट एवढीच की त्या काळात मोजमाप चालू हवं आणि पुन्हा डॉक्टरांना भेटायची तारीख आत्ताच ठरलेली हवी. माझ्याकडे 'जरा थांबून बघतो' म्हणून गेलेले लोक परत येतात ते सात-आठ वर्षांनी. 'सहा महिने' हा शब्द खरा असेल तर काही बिघडत नाही. आणि गोळी आयुष्यभराची असेलच असं नाही. वजन उतरलं, सवयी बदलल्या की काहींची कमी होते, काहींची थांबवताही येते.

चिकित्सक_मन

लेखिकेने मेहनतीने लिहिलं आहे, पण एक मूलभूत हरकत नोंदवतो. मी संख्याशास्त्रात काम करतो.

फ्रेमिंगहॅम आणि व्हाइटहॉल हे दोन्ही निरीक्षणाचे अभ्यास. ज्यांचा रक्तदाब वाढतो त्यांचं शिक्षण, उत्पन्न, झोप, ताण, सगळंच वेगळं असू शकतं. गणिताने हे फरक वजा करतात, पण पूर्ण वजा होत नाहीत. दुसरं, डिमेन्शिया उघड होण्याच्या काही वर्षं आधीपासून रक्तदाब आणि वजन आपोआप उतरू लागतात. म्हणजे सत्तरीत कमी दाब धोकादायक दिसतो, पण तो रोगाचा परिणाम असू शकतो, कारण नव्हे. ६०-७० व्या वर्षी संबंध न दिसण्यामागे हेही असेल.

खरा प्रश्न असा: लोकांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडले, एकाचा दाब जास्त उतरवला, तर त्या गटात विस्मरण कमी होतं का? याचं उत्तर असल्याशिवाय 'रक्तदाब उतरवा, मेंदू वाचेल' असं म्हणता येणार नाही.

सांजवात

चिकित्सक_मन, हरकत अगदी रास्त. निरीक्षणावरून कारण सिद्ध होत नाही हे मलाही मान्य. पण चिठ्ठ्या टाकून केलेले अभ्यास आहेत, आणि त्यातले दोन मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला अमेरिकेतला स्प्रिंट. पन्नाशीपुढचे, हृदयविकाराचा धोका जास्त असलेले ९,३६१ लोक. एका गटाचा वरचा दाब १४० च्या खाली ठेवायचा, दुसऱ्याचा १२० च्या खाली. हृदयाला आणि आयुष्याला इतका स्पष्ट फायदा दिसला की २०१५ मध्ये उपचार ठरल्याआधीच थांबवले, म्हणजे जेमतेम सव्वातीन वर्षं चालले. मेंदूचे निकाल २०१९ मध्ये आले. १२० च्या गटात सौम्य बौद्धिक घसरण, म्हणजे डिमेन्शियाच्या आधीची पायरी, १९ टक्क्यांनी कमी. डिमेन्शियाही कमी दिसला, पण तो फरक योगायोगाने आला नसेल असं ठामपणे म्हणण्याइतका मोठा नव्हता. ज्यांचे एमआरआय पुन्हा काढले त्यांच्यात श्वेतद्रव्यातले डाग कमी वाढले होते.

दुसरा २०२५ मध्ये छापून आलेला, चीनच्या ग्रामीण भागातला. ३२६ गावं, जवळपास ३४,००० लोक, वय ४० च्या पुढे, सगळ्यांचा दाब आटोक्याबाहेर. निम्म्या गावांत मोठ्या तज्ज्ञांऐवजी गावपातळीवरचे प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्तेच ठरलेल्या पद्धतीने औषधं वाढवत, लोकांना घरी मोजायला शिकवत. चार वर्षांनी त्या गावांत डिमेन्शिया उरलेल्या गावांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी. इथे मोजली होती ती प्रत्यक्ष डिमेन्शियाच, आधीची पायरी नव्हे. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की महागड्या यंत्राशिवाय, साध्या जुन्या औषधांनी हे झालं.

चिकित्सक_मन

चीनचा अभ्यास माझ्या वाचनात नव्हता. आकार मोठा आहे आणि गावंच्या गावं चिठ्ठीने वाटली होती, म्हणजे माझ्या पहिल्या हरकतीचं उत्तर मिळतं.

तरी एक गोष्ट जोडतो, कारण लोक एका निकालावरून सगळ्याला तोच नियम लावतात. मधुमेहींवरच्या अ‍ॅकॉर्ड अभ्यासात साखर फार कडक ताब्यात ठेवून बघितली होती, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६ टक्क्यांच्या खाली. विचारक्षमतेत काहीच फायदा दिसला नाही, आणि त्या गटात मृत्यू वाढल्याने तो कडक उपचार थांबवावा लागला. मधुमेहाने डिमेन्शियाचा धोका वाढतो हे खरं. पण साखर जितकी खाली तितका मेंदू सुरक्षित, हे खोटं. वयस्कर माणसात साखर एकदम उतरणं मेंदूला घातकच.

नीलमोहर

इथे सगळे आकड्यांत बोलतायत. मी घरात काय दिसतं ते लिहिते.

माझ्या सासूबाईंना रक्तवाहिन्यांमुळे झालेला डिमेन्शिया आहे. निदान व्हायला फार वेळ गेला, कारण त्यांची आठवण चांगली होती. कुणाचं लग्न कधी झालं, कोण कुठे राहतं, सगळं चोख सांगायच्या. येणारे-जाणारे म्हणायचे, "यांना कसला विसराळूपणा? आमच्यापेक्षा जास्त लक्षात आहे!" आणि मला वाटायचं, मीच काहीतरी वाढवून सांगतेय की काय.

बिघडलं होतं ते दुसरंच. त्यांना कामाची सुरुवात करता येईना. औषधांचा आठवड्याचा डबा त्या वर्षानुवर्षं स्वतः भरायच्या, आता डबा समोर ठेवून नुसत्या बसून राहायच्या. बँकेचा फॉर्म अर्धा भरून थांबायच्या. काम करताना मध्ये फोन वाजला की हातातलं काय होतं ते पुन्हा सापडायचं नाही. प्रश्न विचारला की उत्तर बरोबर यायचं, पण इतकं उशिरा की तोवर समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला. चालणंही आखूड पावलांचं झालं. आणि सगळ्यात जास्त लागलं ते म्हणजे त्यांना कशातच रस उरला नाही. आम्ही त्याला आळस म्हटलं, नंतर नैराश्य म्हटलं.

बरं, हे रोज थोडं थोडं वाढत गेलं नाही. महिनोन्महिने तशाच, आणि मग एका आठवड्यात एकदम एक पायरी खाली. पुन्हा तशाच. एका तपासणीत त्यांना घड्याळाचं चित्र काढून ठरावीक वेळ दाखवायला सांगितलं. आकडे सगळे एका बाजूला आले. आधीच्या डॉक्टरांनी तारीख, वार, तीन शब्द लक्षात ठेवणं एवढंच विचारलं होतं, त्यात त्या पास झाल्या होत्या.

त्यांचा रक्तदाब पन्नाशीपासून होता. गोळी चालू होती, पण "आज बरं वाटतंय" म्हणून मधूनमधून बंद. तेव्हा कुणीही, अगदी कुणीही, त्यांना सांगितलं नव्हतं की याचा बुद्धीशी संबंध आहे. सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, असं मला राहून राहून वाटतं. हार्ट अटॅकची त्यांना भीती नव्हती. परावलंबी होण्याची होती.

वैद्यमित्र

नीलमोहर, तुमचा प्रतिसाद मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना वाचायला देईन.

तुम्ही वर्णन केलेलं सगळं, सुरुवात न होणं, विचाराचा मंद वेग, एकाच वेळी दोन गोष्टी न सांभाळता येणं, आखूड पावलं, उदासीनता, पायरीपायरीने उतरणं, हे मेंदूच्या पुढच्या भागाला जोडणारं श्वेतद्रव्य दुखावल्याचं चित्र आहे. अल्झायमरमध्ये बहुधा ताजी आठवण आधी जाते. इथे नियोजन आधी जातं. म्हणूनच फक्त स्मरणशक्ती तपासणाऱ्या चाचण्यांत हे लोक निसटतात. घड्याळ काढणं, आकडे-अक्षरं आलटून पालटून जोडणं ज्यात आहे अशी मोका ही चाचणी २००५ मध्ये आली, ती अशा वेळी जास्त उपयोगाची. घरच्यांनी डॉक्टरांना 'विसरतात' एवढंच न सांगता 'पूर्वी करायचे ते कोणतं काम आता जमत नाही' हे सांगावं. मला स्वतःला निदानाचा धागा बऱ्याचदा त्या एका वाक्यातून सापडतो.

आणि कुटुंबांसाठी: तो आळस नव्हता आणि हट्टही नव्हता. कामाचे लहान तुकडे करून एका वेळी एकच सांगणं, मागे लागण्याऐवजी शेजारी बसून सुरुवात करून देणं, याने दिवस सुसह्य होतो. राहिलेल्या जोखमींवरचा उपचार त्यानंतरही चालू ठेवायचा, पुढची पायरी लांबवायची असते.

रानपाखरू

माझ्या आईला अल्झायमर आहे असं निदान झालंय. मग ते रक्तवाहिन्यांचं प्रकरण तिला लागू नाही, असंच ना?

सांजवात

रानपाखरू, पुस्तकात हे दोन आजार वेगवेगळ्या पानांवर असतात, माणसाच्या मेंदूत नसतात. उतारवयात डिमेन्शियाने गेलेल्यांचे मेंदू तपासले की बहुतेकांत दोन-तीन प्रकारची हानी एकत्र सापडते.

यावर अमेरिकेतल्या जोगिणींचा (कॅथलिक नन्सचा) अभ्यास फार बोलका आहे. एकाच संस्थेतल्या, सारख्या राहणीच्या या बायकांनी मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठी देऊ केले होते. १९९७ च्या निष्कर्षात असं दिसलं की अल्झायमरच्या खुणा असलेल्या ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात एक-दोन लहान इन्फार्क्टही (रक्त न पोचल्याने मेलेले ठिपके) होते, त्यांच्यात हयातीत डिमेन्शिया दिसण्याचं प्रमाण फारच जास्त होतं. अल्झायमरच्या तेवढ्याच खुणा असूनही ज्यांच्या रक्तवाहिन्या शाबूत होत्या त्यांतल्या अनेकींनी बुद्धी टिकवली. म्हणजे अल्झायमरची सुरुवात आपल्या हातात नसली, तरी मेंदू तो भार किती काळ पेलतो यात रक्तवाहिन्यांचा हात आहे. तुमच्या आईचा रक्तदाब आणि साखर बघणं सोडू नका.

रानपाखरू

धन्यवाद, हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. आणखी एक विचारते. तिला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, चालू आहे. या गोळीने विसराळूपणा वाढतो असं सगळीकडे वाचते. बंद करावी का?

वैद्यमित्र

स्वतःहून बंद करू नका. ही शंका येण्याचं कारण आहे: २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने स्टॅटिनच्या माहितीपत्रकात क्वचित होणाऱ्या, गोळी थांबवल्यावर जाणाऱ्या विसराळूपणाचा उल्लेख घालायला लावला. तो काही रुग्णांच्या तक्रारींवरून. चिठ्ठ्या टाकून केलेल्या मोठ्या अभ्यासांत मात्र, त्यातला प्रॉस्पर तर ७० ते ८२ वयाच्या ५,८०४ लोकांवर झाला, स्टॅटिनमुळे बुद्धी घसरल्याचं दिसलं नाही. सुधारल्याचंही दिसलं नाही, तेही सांगायला हवं. मेंदू स्वतःला लागणारं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो, रक्तातलं त्याच्यात जवळपास जात नाही. त्यामुळे रक्तातलं कमी केलं की मेंदू उपाशी पडेल ही भीती नको. गोळी सुरू केल्यावर नेमका फरक पडलाय असं वाटत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते काही आठवडे थांबवून किंवा दुसरी देऊन बघू शकतात.

पाऊलवाट

माझ्या बाबांना एट्रियल फिब्रिलेशन आहे, ठोके अनियमित. रक्त पातळ करणारी गोळी दिली आहे. बाबा म्हणतात, रक्तस्राव झाला तर काय, मला नको. याचाही बुद्धीशी संबंध आहे का? असेल तर त्यांना तसं सांगून बघेन.

वैद्यमित्र

आहे. या आजारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांत गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत जाते. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. उघड पक्षाघात न होताही अशा रुग्णांत डिमेन्शिया जास्त दिसतो, बहुधा बारीक गुठळ्या आणि कमी-जास्त होणारा रक्तपुरवठा यांमुळे.

पण बाबांना सांगताना एक मर्यादा पाळा. पक्षाघाताचा धोका मुळात कमी असलेल्या रुग्णांत, फक्त बुद्धी टिकवण्यासाठी ही गोळी देऊन बघितली, तर फायदा दिसला नाही. त्यामुळे ती स्मरणशक्तीची गोळी नव्हे. ती पक्षाघात टाळण्यासाठी, वय आणि इतर आजारांचं गुणांकन करून देतात. एक मोठा पक्षाघात बुद्धीचं जेवढं नुकसान एका दिवसात करतो तेवढं पुष्कळ वर्षांत होत नाही, म्हणून बाबांच्या बाबतीत मुद्दा लागू पडतो. रक्तस्रावाची भीतीही खोटी नाही. ती कमी करता येते: रक्तदाब आटोक्यात ठेवणं, दारू टाळणं, मनाने वेदनाशामक गोळ्या न घेणं, मूत्रपिंडाची तपासणी वेळेवर करणं. काका डॉक्टरांसमोर बसून हे सगळं विचारू शकतील अशी वेळ मागून घ्या.

मुक्तछंद

बायपासनंतर माणूस पूर्वीसारखा राहत नाही असं ऐकलंय. बाबांचं ऑपरेशन ठरतंय आणि आई याच एका गोष्टीने घाबरली आहे.

चिकित्सक_मन

याचं उत्तर मी देऊ शकतो, कारण तुलना कशाशी करायची याचा हा नमुना आहे. २००१ मध्ये एका गाजलेल्या अभ्यासात बायपास झालेल्यांपैकी ४२ टक्के लोकांची बुद्धी पाच वर्षांनी घसरलेली आढळली. सगळ्यांनी दोष हार्ट-लंग मशीनला, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या यंत्राला, दिला. पण त्या अभ्यासात ऑपरेशन न झालेले तसेच हृदयरुग्ण तुलनेला नव्हते. पुढे ते घेऊन बघितलं तेव्हा काही वर्षांनंतरची घसरण दोन्ही गटांत जवळपास सारखी निघाली. म्हणजे दीर्घकाळच्या घसरणीचं मोठं कारण मुळातला रक्तवाहिन्यांचा आजार. ऑपरेशननंतरचे काही दिवस-आठवडे गोंधळ, विस्मरण होतं, वयस्कर लोकांत भ्रमही होतो, पण बहुतेकांचं ते ओसरतं. आईंना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या घाबरणार नाहीत.

नीलमोहर

अवांतर, पण राहवत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, शेवटच्या दिवशी त्यांचा दाब ३००/१९० होता. वयाबरोबर दाब वाढायचाच, असं तेव्हाचे बरेच डॉक्टरही मानत. हातात आजच्यासारखी औषधंही नव्हती. फ्रेमिंगहॅमचा अभ्यास त्यानंतर तीन वर्षांत सुरू झाला. आज औषधं आहेत आणि ती साधी आहेत, हे आठवलं की सासूबाईंच्या बंद-चालू गोळीचं जास्तच वाईट वाटतं.

पाऊलवाट

मग दाब जितका खाली तितका चांगला, असं म्हणायचं का? बाबा ७९ वर्षांचे आहेत, कधीकधी उठताना तोल जातो.

वैद्यमित्र

नाही, आणि इथे फार सांभाळावं लागतं. पंचावन्नच्या धडधाकट माणसाचं उद्दिष्ट एकोणऐंशीच्या तोल जाणाऱ्या माणसाला लावायचं नाही. स्प्रिंटमध्ये १२० च्या गटात चक्कर, दाब फार उतरणं आणि मूत्रपिंडावर ताण हे त्रास जास्त झाले, आणि त्यात मधुमेही किंवा आधी पक्षाघात झालेले लोक घेतलेलेच नव्हते. वाहिन्या कडक झालेल्या मेंदूला दाब एकदम उतरला तर रक्त कमी पडतं. बाबांचा दाब बसून आणि उठून उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा, गोळ्यांची वेळ किंवा मात्रा बदलावी लागेल. पडून डोक्याला मार लागणं हाही मेंदूचाच धोका आहे.

सांजवात

साठीनंतर उशीर झाला असं मात्र कुणी समजू नये. फिनलंडमधल्या फिंगर अभ्यासात ६० ते ७७ वयाच्या, धोका जास्त असलेल्या १,२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं. त्यांचे बौद्धिक चाचणीतले गुण दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारले. फरक लहान होता, पण दिसला.

कोरा_कागद

सगळे प्रतिसाद वाचले. नीलमोहर, तुमचा दोनदा वाचला. मी घरी मोजायला सुरुवात करतोय आणि डॉक्टरांची पुढच्या महिन्यातली वेळ घेतली आहे. वैद्यमित्र, नीट मोजायचं म्हणजे नेमकं कसं?

वैद्यमित्र

दंडावर बांधायचं यंत्र घ्या, मनगटावरचं नको, आणि पट्टा तुमच्या दंडाच्या मापाचा हवा. लहान पट्ट्याने आकडा जास्त येतो. अर्धा तास आधी चहा-कॉफी, धूम्रपान, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसा, दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला असू द्या, मोजताना बोलू नका. सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकी सगळ्यांची सरासरी काढा आणि आवडलेले आकडे निवडून न लिहिता सगळे लिहा. सुरुवातीला एकदा दोन्ही दंडांवर मोजा. फरक १० पेक्षा जास्त आला तर पुढे जास्त आकडा देणारा हात धरा, आणि तो फरक पुढच्या महिन्यात डॉक्टरांना आवर्जून दाखवा.